चाकांवरची शिदोरी

सायकलीचा इतिहास सांगणारे बहुधा चाकापासून आरंभ करतात. आधी लाकडी चाक, मग लोखंडी, मग रबरी. पुढचे थोरले नि मागचे धाकटे, आणि पुढे कधीतरी दोन्ही सारख्या उंचीची. वंशावळ म्हणून हे सारे ठीकच आहे. पण दोनशे-चारशे कोसांच्या वाटेला लागलेल्या माणसाला विचाराल, तर तो चाकाइतकाच मान गाठोड्याला देईल. बरोबर काय घेतले, ते सायकलीवर कुठे बांधले आणि मन घट्ट करून घरी काय ठेवले, या तीन गोष्टींवर लांबचा प्रवास तडीला जातो किंवा पहिल्याच रात्री एखाद्या धाब्याच्या बाजेवर संपतो. या गाठोड्याचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाही. गाठोडी सुटतात, पिशव्या फाटतात, आणि संग्रहालयात उरते ती नुसती सायकल!

नागपूरकराने हा विषय काढावा, याला एक कारण आहे. आमच्या विधानभवनाजवळ चार घोड्यांनी वेढलेला तो झिरो माइलचा स्तंभ उभा आहे; पाहुणा आला की त्याला तो दाखवायचा, हा आमचा रिवाजच. श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पश्चिमेकडून पूर्व किनाऱ्याकडे जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग या शहरातच एकमेकांना भेटतात. जुनी माणसे त्यांना अजूनही ‘सात नंबर’ आणि ‘सहा नंबर’ म्हणतात, ती गोष्ट वेगळी. म्हणजे इथून कोणत्याही दिशेला निघा, वाट लांबचीच. उत्तरेला कामठी, मनसर करीत जबलपूर. पूर्वेला भंडाऱ्यावरून रायपूर. दक्षिणेला बुटीबोरी, हिंगणघाटावरून हैदराबाद. पश्चिमेला कोंढाळी, तळेगाव, अमरावती. अशा गावाने लांब पल्ल्याचा सायकलस्वार दिला नसता, तरच नवल!

तो दिला २०१७ साली. पण त्याआधी थोडे मागे गेले पाहिजे.

हवा भरलेले रबरी टायर व्यवहारात आले ते १८८८ साली, बेलफास्टच्या जॉन डनलॉप यांच्यामुळे. हे गृहस्थ गुराढोरांचे डॉक्टर. पुढे या गोष्टीत आणखी बरेच डॉक्टर भेटणार आहेत, म्हणून या पहिल्याची नोंद करून ठेवतो. टायर आले आणि सायकल हाडे खिळखिळी करण्याचे यंत्र राहिली नाही. पण त्याबरोबर एक नवे दुखणेही आले, ते म्हणजे पंक्चर. भरीव चाकाला खिळ्याचे भय नव्हते. हवेच्या चाकाबरोबर रबराचे ठिगळ, चिकट सोल्युशन आणि पंप यांनी जे गाठोड्यात ठाण मांडले, ते आजतागायत हललेले नाही.

१८९१ साली पॅरिसमधील एक पत्रकार पिएर गिफार यांनी पॅरिसहून ब्रेस्त बंदरापर्यंत आणि तेथून परत, अशी सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत जाहीर केली. २०७ जण निघाले. शार्ल तेरों हा ७१ तास २२ मिनिटांत परतला आणि पहिला आला. निघताना जी सायकल घेतली तीच घेऊन परतले पाहिजे, अशी अट होती. त्यामुळे तेरोंच्या यशात त्याच्या पायांचा वाटा जेवढा, तेवढाच मिशेलिन बंधूंच्या नव्या टायरचाही होता. त्याआधीची टायरे रिमवर डिंकाने चिकटवलेली असत. पंक्चर काढायचे म्हणजे अर्धा दिवस गेला. मिशेलिनचे टायर रिमवरून सोडवता येई. एवढ्याशा सोयीने लांबचा प्रवास सामान्य माणसाच्या आवाक्यात आला, असे माझे मत आहे. जी वस्तू वाटेत आपल्या हाताने दुरुस्त होते तीच प्रवासाची. बाकी सगळी शोभेची.

या तत्त्वाची कठोर परीक्षा पुढे एका फ्रेंच स्वाराला द्यावी लागली. १९१३ च्या तूर द फ्रान्समध्ये युजेन क्रिस्तोफ या गड्याचा पुढचा फोर्क पिरेनीज पर्वतात, तुर्मालेच्या उतारावर मोडला. नियम असा, की दुसऱ्याची मदत घ्यायची नाही. हा पठ्ठ्या सायकल खांद्यावर घेऊन कोसच्या कोस डोंगर उतरला, खालच्या गावातील लोहाराच्या भट्टीवर पोहोचला आणि पंचांच्या देखत त्याने स्वतःच्या हाताने फोर्क जोडला. पण दोन्ही हात कामात गुंतलेले असताना एका पोराने भाता हलवला, आणि पंचांनी तेवढ्यासाठी त्याला दंड केला! ही हकीकत ऐकून आपल्याला हसू येते आणि रागही येतो. परंतु स्वावलंबनाचा हा अतिरेकी आग्रह सोडला, तर त्यामागचा विचार मात्र टिकला. आजही लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांच्या एका मोठ्या पंथाचा तोच कुळाचार आहे.

हा पंथ म्हणजे ब्रेव्हे करणाऱ्यांचा. शर्यत नव्हे, पहिला-दुसरा कोणी नाही. ठराविक अंतर ठराविक वेळेत, मिळेल त्या वाटेवर, स्वतःचे सामान स्वतः वाहून पार करायचे, बस्स. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस तास. तासाला सरासरी पंधरा किलोमीटर म्हणजे काही विजेचा वेग नव्हे. पण त्यात जेवण आले, पंक्चर आले, झोप आली आणि समोरून येणारा वारा आला. १९२१ पासून पॅरिसचा ‘ओदाक्स क्लब पारिझियें’ या मंडळींचा हिशेब ठेवतो, आणि चार वर्षांतून एकदा पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसची जुनी वाट ९० तासांत पार करण्याची संधी देतो. भारतात हा पंथ गेल्या दीड दशकात रुजला. नागपुरातही तो आहे, आणि थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे शहराबाहेर पडणारे दिव्यांचे छोटे ताफे अनेकांनी पाहिले असतील.

आपल्याकडच्या गाठोड्याची कथा मात्र त्याच्याही आधीची. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून काही पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबचे हे सभासद. म्हणजे वजन उचलण्याचा सराव असलेली माणसे वजन कमी कसे करावे याची चिंता करीत निघाली, अशी ही गंमत! त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे बलुचिस्तान, इराण, इराकचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा फेरा पुरा करून मार्च १९२८ मध्ये परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटर! वाळवंटात पाणी हेच मुख्य ओझे. पाणी टाकता येत नाही आणि वाहवतही नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हा हिशेब कुठल्याही युक्तीने चुकत नाही. कपडे कमी करता येतात, पातेले सोडता येते, पण पाण्याशी तडजोड नाही. आजही विदर्भात फेब्रुवारीनंतर लांब निघणारा स्वार हीच बेरीज-वजाबाकी करीत असतो.

स्वातंत्र्यानंतर आपली सायकल घरची झाली. १९४९ साली मद्रासकडे टी. आय. सायकल्स, १९५१ साली सोनीपतला अॅटलस, १९५६ साली लुधियान्याला हीरो, असे कारखाने निघाले आणि ती काळी, उंच, अठ्ठावीस इंची चाकांची सायकल गावोगाव गेली. मास्तर, पोस्टमन, दूधवाला, कापसाच्या जिनातला मुकादम, सगळ्यांचे वाहन तेच. या सायकलीला हल्लीचे शौकीन नाके मुरडतात, ते मला पटत नाही. वजन वीसेक किलो हे खरे. पण तिचे कॅरिअर म्हणजे काय थाट होता! त्यावर ज्वारीचे पोते जाई, आजारी म्हातारी जाई, आणि लग्नसराईत पाहुण्याची वळकटी नि ट्रंकही जाई. तिचा एकच खरा दोष असा, की सगळे ओझे मागच्या चाकावर, तेही आसापेक्षा उंच. ज्याने मागे पोते बांधून उतार उतरला आहे, त्याला हँडल कसे थरथरते हे सांगायला नको. ओझे जितके उंच आणि जितके मागे, तितकी सायकल डोलणार. आणि पावसाळ्यात विदर्भातली काळी माती! मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये ती अशी थापली जाई, की चाक फिरायचेच थांबे. मग बाभळीची काटकी शोधून माती उकरत बसायचे. त्याच बाभळीच्या काट्याने पंक्चरही व्हायचे. एकाच झाडाने औषध आणि रोग दोन्ही पुरवावेत, हा या मातीचा न्याय.

अशा साध्या सायकलींनी केवढी मजल मारता येते, याचे उदाहरण आमच्या शेजारीच घडले. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटे यांनी ‘भारत जोडो’ची हाक दिली, आणि डिसेंबर १९८५ मध्ये शंभराहून अधिक तरुण-तरुणी कन्याकुमारीहून सायकलींवर उत्तरेकडे निघाली. पुढच्या एप्रिलपर्यंत पाच हजार किलोमीटरांवर वाट तुडवून ती जम्मूला पोहोचली. बाबांनी सत्तरी ओलांडली होती, मणक्याच्या दुखण्याने त्यांना बसवतही नव्हते; ते वाहनात आडवे पडून या मुलांबरोबर गेले. तीन वर्षांनी, १९८८-८९ मध्ये, इटानगर ते ओखा ही आणखी लांब यात्रा निघाली. पंजाब पेटलेला असताना ही मुले निघाली होती. तिथे वेगाचा प्रश्न नव्हता, मुक्कामाचा होता. गावात शिरायचे, बोलायचे, पुन्हा निघायचे. त्या यात्रांतल्या कॅरिअरवरच्या पिशव्यांत काय काय होते, हे त्या मुलांपैकी कोणीतरी सविस्तर लिहावे, अशी माझी फार इच्छा आहे.

आता आजच्या सायकलीकडे येऊ. ती काळ्या सायकलीच्या निम्म्या वजनाची, वाकड्या हँडलची, बारीक टायरांची. पण तिची खरी गंमत वजनात नसून मापात आहे. बसणाऱ्याच्या अंगाला ती शिंप्याने बेतल्यासारखी बसावी लागते. सीटची उंची पाहण्याची सोपी रीत अशी, की टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्यावे. गुडघा तेव्हा नुकताच सरळ व्हावा. मग प्रत्यक्ष चवडा ठेवून चालवताना गुडघ्याला हवा तेवढा किंचित वाक आपोआप राहतो. बोटभर चुकले तर काय होते, असे कोणी म्हणेल. त्याने हा हिशेब करावा: ६०० किलोमीटरच्या वाटेत तीस तास पाय चालले आणि मिनिटाला ऐंशी फेरे पडले, तर एकूण १ लाख ४४ हजार फेरे होतात. बोटभर चूक गुणिले १ लाख ४४ हजार! गुडघ्याची वाटी तक्रार करील नाही तर काय? हँडलचेही तसेच. फार खाली ठेवले तर वारा कमी लागतो खरा, पण मानेवर डोक्याचा भार सतत पडत राहतो. अमेरिकेतील लांब शर्यतीत १९८३ साली मायकेल शेर्मर या स्वाराची मान अशी शिणली, की डोके वर धरवेना. तेव्हापासून त्या दुखण्याला त्याचेच नाव पडले आहे. म्हणून जाणते लोक शर्यतीच्या सायकलीपेक्षा प्रवासाच्या सायकलीचे हँडल दोन बोटे वर ठेवतात, आणि त्यात कमीपणा मानत नाहीत.

पिशव्या कुठे बांधायच्या, यातही एक गृहिणीचे शास्त्र आहे. स्वयंपाकघरात मीठ हाताशी असते आणि लोणच्याची बरणी फडताळात, तसेच इथे. जे दर अर्ध्या तासाला लागते ते पुढच्या दांड्यावरच्या चिमुकल्या पिशवीत, म्हणजे न उतरता हात घालता येतो. तिथे खाणे. फ्रेमच्या त्रिकोणात जड वस्तू, कारण ते सायकलीचे पोट आहे आणि तिथले वजन तोल बिघडवत नाही. दोन ट्यूबा, ठिगळांचा डबा, टायर काढायच्या पट्ट्या, पाने, चेनची एक सुटी कडी, पंप, हे सारे तिथे. सीटच्या मागे हलके पण फुगीर सामान: पावसाचा अंगरखा, कोरडे मोजे, रात्रीसाठी उबदार बनियन. अंगरखा सर्वांत वर हवा. पाऊस सुरू झाल्यावर भर रस्त्यात सगळी पिशवी उलटी करणारा माणूस पाहिला, की त्याच्या संसाराची कल्पना येते. आणि प्रत्येक वस्तू आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली, कारण जलरोधक म्हणवणारी पिशवी रात्री दोनच्या सरींपुढे आपला शब्द क्वचितच पाळते.

खाण्याबद्दल परदेशी पुस्तके पुडक्यातल्या गोड चिकट पदार्थांची शिफारस करतात. मला वाटते, आपल्या दिवाळीच्या फराळात याची उत्तरे आयतीच आहेत. शंकरपाळे घ्या: मैदा, साखर, तूप, न चुरगळणारे, न विरघळणारे, एका हाताने खाण्याजोगे. असे खाद्य मुद्दाम योजूनही सापडणार नाही. चिवडा मात्र घरीच बरा. चालत्या सायकलीवर तो खाणाऱ्यापेक्षा रस्त्यालाच जास्त मिळतो. चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाणे हेही उत्तम. आणि आंबिया बहाराच्या दिवसांत खिशात एक संत्रे. पाणी, साखर आणि आंबटपणा असे तिन्ही एका सालीत बांधून देणारा निसर्गासारखा पॅकबंद करणारा कोणी नाही. पहाटे निघताना घरच्या माणसांनी डब्यात पुरणपोळी कोंबू नये, एवढीच प्रार्थना. ती खाऊन पुढे शंभर किलोमीटर जाण्याची नव्हे, झाडाखाली निजण्याची इच्छा होते.

एका बाबतीत मात्र काटकसर चालत नाही, ती म्हणजे उजेड. ब्रेव्हेला निघणाऱ्याच्या सायकलीला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लागतो, रात्री अंगात प्रकाश परतवणारे जाकीट लागते. घरची मंडळी दिव्यांच्या सणात पणत्या लावीत असतात तेव्हा हे दिवे शोभेचे वाटतील. महामार्गावर मात्र ते प्राणाचे आहेत. मागून येणाऱ्या मालट्रकच्या चालकाला, जो स्वतः अठरा तास जागा असेल, त्या लाल ठिपक्यावाचून आपण दिसतच नाही. जबलपूरच्या वाटेवर मनसर सोडले की पेंचचे जंगल लागते. तिथे वन्य प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून रस्ताच उंच उचलला आहे. वाघासाठी इतकी सोय झाली याचा आनंदच आहे. पण सायकलवाल्यासाठी त्याच रस्त्याच्या कडेला हातभर पट्टी राखण्याची बुद्धी आम्हाला अजून सर्वत्र झालेली नाही. म्हणून जुने स्वार दोन लाल दिवे लावतात, एक सीटखाली नि दुसरा हेल्मेटला. एकाची बॅटरी संपली, तर निदान दुसरा साक्षीला असावा.

आता २०१७ कडे. अमेरिकेत १९८२ साली चार स्वारांनी पश्चिम किनाऱ्याहून पूर्व किनाऱ्यापर्यंत शर्यत लावली. तिचीच पुढे ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ झाली. तेव्हा तिची वाट होती कॅलिफोर्नियातील ओशनसाइड ते मेरीलँडमधील अॅनापोलिस, सुमारे ४,९०० किलोमीटर, एकट्या स्वाराला बारा दिवस. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीने ती पुरी केली. दोन वर्षांनी, जून २०१७ मध्ये, एकट्याने ती पुरी करणारे पहिले भारतीय ठरले सैन्यातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ. आणि त्यांच्या पाठोपाठ अवघ्या काही तासांत अॅनापोलिसला पोहोचले आमच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ. वेळ ११ दिवस २१ तासांच्या आसपास. म्हणजे झोप, जेवण, दुखणी सगळे धरून तासाला सुमारे १७ किलोमीटर, जवळजवळ बारा दिवस अखंड! डॉक्टरांची ही रांग पाहून वाटते, की शरीर किती सहन करते हे पुस्तकात वाचून ज्यांचे समाधान झाले नाही, त्यांनीच हा उद्योग आरंभला असावा.

इथे गाठोड्याच्या कथेला वळण लागते. या शर्यतीत स्वार आपले सामान स्वतः वाहत नाही. मागून मोटार येते. रात्री तर ती त्याच्या पाठीशी राहिलीच पाहिजे, असा नियम आहे. खाणे, बर्फ, औषधे, सुटी चाके सगळे त्या मोटारीत, आणि ते कुठल्या खोक्यात आहे हे झोपेतही सांगू शकणारी माणसे तिच्यात. स्वाराच्या सायकलीवर उरतात दोन बाटल्या. कोणी म्हणेल, मग पिशवी बांधून एकटा जाणाराच खरा वीर. मीही पूर्वी असेच म्हणणाऱ्यांच्या बाजूला झुकत असे. पण कॅलिफोर्निया-अॅरिझोनाच्या वाळवंटातला जूनमधला उन्हाळा, मग कोलोरॅडोतील ३,३०० मीटर उंचीची वुल्फ क्रीक खिंड, आणि या साऱ्यात दिवसाला चारशेहून अधिक किलोमीटर, हे पाहिले की ओझे कमी झालेले नसून नुसते वाटून घेतले आहे, हे ध्यानात येते. ज्याला मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या वर डोक्याला ओला रुमाल बांधून बाहेर पडण्याची सवय आहे, त्या नागपूरकराला ते वाळवंट निदान अगदी परके वाटले नसेल, एवढे म्हणायला हरकत नाही. २०१८ मध्ये डॉ. समर्थ यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही पंधरा टप्प्यांची, नऊ हजार किलोमीटरांहून लांब ट्रान्स-सायबेरियन शर्यतही पुरी केली. जगाच्या नकाशावर तिची रेघ पाहावी म्हणजे बोट दुखते.

त्यानंतर नागपुरात सायकलींची दुकाने बदलली. जिथे पूर्वी पंक्चरचे टब आणि व्हॉल्व्हट्यूबची रिळे असत, तिथे आता मापे घेण्याच्या पट्ट्याही दिसतात. तरी रविवारी पहाटे निघणारी बहुतेक मंडळी अमेरिकेला जाणार नसतात. कोणी बँकेत असते, कोणी शिक्षिका, कोणी निवृत्त झालेले. त्यांच्याजवळ एक घडीचे कार्ड असते. ठरलेल्या गावी पोहोचले की त्यावर शिक्का आणि वेळ. शिक्का देणारा कोणी नसेल, तर चहाच्या टपरीवरची किंवा पेट्रोल पंपावरची वेळ असलेली पावतीही चालते. म्हणून त्या वरच्या छोट्या पिशवीत, शंकरपाळ्यांच्या पुडीशेजारी, एक कोरडा कप्पा राखलेला असतो. पांढरकवडा किंवा सिवनीकडच्या एखाद्या टपरीवर रात्री तीनला घेतलेल्या चहाची पावती त्यात जाते, तिथून आयोजकांकडे जाते, आणि काही आठवड्यांनी पॅरिसच्या त्या जुन्या क्लबच्या वहीत त्या स्वाराच्या नावापुढे एक क्रमांक चढतो.